हवामानाच्या कामात सॉफ्टवेअरवालीला जागा आहे का?

पत्र

ताई, नमस्कार.

माझं गाव तासगाव तालुक्यात. घरची द्राक्षबाग आहे. सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि गेली सात वर्षं पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. बँकांच्या पेमेंटचं बॅकएंड सांभाळते, जास्त करून जावामध्ये. पगार चांगला आहे, कामाबद्दल तक्रार नाही. पण 2019 च्या पुरात सांगलीत मामाच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून पाऊस, रडार, मॉडेलं यांबद्दल मिळेल ते वाचत असते. आता तिशी आली. मनापासून वाटतं, हेच काम करावं.

पण प्रश्न पुष्कळ आहेत. यासाठी पुन्हा एमटेक किंवा पीएचडी करावी लागेल का? शास्त्रज्ञांच्या संस्थेत प्रोग्रामरला कोण विचारतं? सांगितलेलं टाइप करून देणारी, असंच बघतील ना? एआय दहा दिवसांचा अंदाज मिनिटात देतंय, मग आता फोर्ट्रान शिकून काय उपयोग? आई म्हणते, हातची नोकरी सोडून कंत्राटावर जाणं म्हणजे खुळेपणा. आणि बाबांच्या मोबाइलवर तीन ॲप तीन वेगळे अंदाज दाखवतात. ते मला विचारतात, "तुला एवढं कळतंय तर सांग, उद्या औषध मारू का नको?" मला सांगता येत नाही.

– एक वाचक, तासगाव

उत्तर

तू ताई म्हणालीस, तेव्हा मीही 'तू'च म्हणते. मी साताऱ्याची, कॉम्प्युटरचंच शिक्षण घेतलेली, आणि पुण्यात हवामानाच्या मॉडेलच्या कोडवर बरीच वर्षं काम करत आलेली. तुझ्या पत्रातला एकही प्रश्न मला परका नाही.

आधी उत्तर, मग कारणं. जागा आहे. व्यवहारात एक पैसा इकडचा तिकडे होऊ न देण्याची सवय ज्यांच्या हाडीमाशी भिनली आहे, अशा माणसांची तर या क्षेत्रात फार चणचण आहे. एमटेक लगेच नको. नोकरीही आत्ताच सोडू नकोस. काम मात्र याच महिन्यात सुरू कर, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

बाबांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुझं पुढचं सगळं काम त्याच प्रश्नात आहे.

मॉडेल करतं काय, तर पृथ्वीभोवतीच्या हवेचे डबे पाडतं. प्रत्येक डब्यात आत्ता तापमान, दाब, वारा, बाष्प किती ते भरायचं, समीकरणं लावून काही मिनिटं पुढचं काढायचं, त्यावरून आणखी काही मिनिटं पुढचं, असं करत दहा दिवस गाठायचे. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे 2025 मध्ये कामाला लागली. तिचा डबा 6 किलोमीटरचा आहे; त्याआधीचं मॉडेल 12 किलोमीटरवर चालायचं. निम्मं केलं, एवढंच आपल्याला ऐकू येतं. पण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली की डबे चौपट होतात, आणि डबा लहान झाला की वेळेचं पाऊलही लहान टाकावं लागतं, नाहीतर गणित भरकटतं. म्हणजे काम झालं आठपट. संस्थेतला 2018 चा 'प्रत्यूष' महासंगणक 4 पेटाफ्लॉपचा होता. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेला 'अर्का' 11.77 पेटाफ्लॉपचा आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. हे डबे हजारो प्रोसेसरवर वाटायचे, शेजारच्या डब्यांनी एकमेकांना वेळेवर आकडे पोचवायचे, मधेच एक नोड (महासंगणकातला एक संगणक) बंद पडला तरी पहाटेचा अंदाज पहाटेच निघाला पाहिजे. ही सगळी व्यवस्था कुणीतरी बसून लिहिलेली असते.

आता बाबांची तीन ॲप. प्रत्येकाच्या मागे बहुधा वेगळं मॉडेल असतं, आणि त्या मॉडेलच्या डब्यातून तुमच्या गावाच्या अक्षांश-रेखांशावर आकडा ओढून आणलेला असतो. 'तासगाव, दुपारी 3 वाजता, 2 मिलिमीटर' हा आकडा तासगावात कुणी मोजलेला नसतो, आणि इतक्या नेमकेपणानं सांगण्याइतकी मॉडेलची स्वतःचीही खात्री नसते. त्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरातला गडगडाटी पाऊस हा काही किलोमीटरचा खेळ असतो. मणेराजुरीत पडतो आणि सावळजात नाही, हे तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मग त्यांना काय सांगायचं? 'पडेल' किंवा 'पडणार नाही' असं सांगूच नकोस. शक्यता सांग, आणि शक्यतेवरून निर्णय कसा घ्यायचा ते दाखव. समज, एका फवारणीचा खर्च एक भाग आणि फवारणी केली नाही आणि पाऊस आला तर होणारं नुकसान दहा भाग. मग पावसाची शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की फवारणी परवडते. बाग फुलोऱ्यात असताना डाउनी (केवडा रोग) आला तर नुकसान दहाच्याही पुढे जातं, म्हणून तेव्हा पाच टक्के शक्यताही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. बाग दुसऱ्या अवस्थेत असेल, तर वीस टक्क्यांचा अंदाज बघूनही गप्प बसणं शहाणपणाचं ठरतं. अंदाज तोच असतो, निर्णय बागेनुसार बदलतो. हा हिशोब हवामानशास्त्रात रीतसर शिकवला जातो, आणि शेतकऱ्याच्या हातातल्या ॲपमध्ये तो कुठेही दिसत नाही.

पण शक्यता सांगायची तर कोणतं ॲप किती वेळा खरं ठरलं, हे आधी माहीत हवं. हीच तुझी पहिली कामगिरी. बागेत एक साधा पर्जन्यमापक लाव. रोज संध्याकाळी तिन्ही ॲपचे उद्याचे अंदाज नोंदव (हे तू पुण्यातून करू शकतेस), आणि सकाळी साडेआठला बाबा मापकातला आकडा कळवतील. पाऊस सांगितला आणि आला, सांगितला आणि आला नाही, सांगितला नव्हता आणि आला, सांगितला नव्हता आणि आला नाही: चार रकाने. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत एवढंच कर. हंगामाच्या शेवटी तुझ्याकडे जे असेल, त्याला अंदाजाची पडताळणी म्हणतात, आणि जगातल्या प्रत्येक हवामान संस्थेत त्यासाठी वेगळी माणसं बसलेली असतात.

सकाळी साडेआठ मी मुद्दाम म्हटलं. इथे जरा थांबून सांगते, कारण तुझ्यासारख्या इंजिनिअरची गरज कुठे पडते ते या एका गोष्टीत नीट दिसतं.

जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या आणि पाठोपाठ सांगलीत पाणी चढलं. आता समज, तुला बघायचंय की हा पाऊस जागतिक डेटामध्ये कसा उमटला. युरोपच्या हवामान केंद्राचा इरा-5 नावाचा जुन्या हवामानाचा डेटासंच आहे, 1940 पासूनचा, तासातासाचा, नाव नोंदवलं की फुकट मिळणारा. तू दोन्हीकडून '23 जुलै' ची ओळ काढतेस, शेजारी ठेवतेस, आणि तुला वाटतं की इरा-5 साफ चुकलाय.

गोम अशी आहे. भारतीय हवामान विभाग 23 जुलैचा पाऊस म्हणून जो आकडा देतो, तो 22 च्या सकाळी साडेआठपासून 23 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. इरा-5 ची वेळ ग्रीनिचची. तिथला 23 जुलै आपल्याकडे 23 च्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि 24 च्या पहाटे साडेपाचला संपतो. दोन्ही ओळींवर तारीख एकच, पण दोघींत सामाईक असतात फक्त तीन तास. आपले साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे बरोब्बर तीन. तेव्हा 22 च्या तीनपासून 23 च्या तीनपर्यंतचे चोवीस तास बेरजेला घ्यायचे. शिवाय इरा-5 पाऊस मीटरमध्ये देतो, मिलिमीटरमध्ये नाही.

हे सगळं सरळ केलंस तरी आकडे जुळणार नाहीतच, आणि इथून खरं विज्ञान सुरू होतं. पर्जन्यमापकाचं तोंड जेमतेम वीतभर. इरा-5 चा आकडा साधारण 27 किलोमीटरच्या चौकोनाचा. आमच्या सातारा जिल्ह्यात एवढ्या अंतरात घाटमाथ्यावरून वाईच्या कोरड्या बाजूला उतरता येतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. एवढ्या मोठ्या डब्यात सह्याद्रीचा कडा घासून गुळगुळीत होतो, तो मॉडेलला खऱ्यापेक्षा बुटका दिसतो, आणि ढगांना वर ढकलायची त्याची ताकदच कमी पडते. म्हणून घाटमाथ्यावरचा पाऊस तिथे कमी दिसतो. आयआयटीएमनं 2012 मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली ती याच कारणानं: पावसाळ्यात ढग तिथे खिडकीशी येतात, त्यांचे थेंब मोजता येतात.

आता बघ, या एका उदाहरणात हवामानशास्त्र किती आणि काटेकोरपणा किती. तारखेचा घोळ, वेळेचा पट्टा, एककाचा घोळ, हे तू पेमेंटमध्ये रोज निस्तरतेस. मला असे शोधनिबंध माहीत आहेत ज्यांचं विज्ञान चांगलं आहे, पण तारीख एका दिवसानं सरकलेली आहे. शास्त्रज्ञ आळशी असतात म्हणून असं होत नाही. त्यांचं सगळं लक्ष ढगात असतं आणि कोड कसाबसा रात्री लिहिलेला असतो. तिथे तू हवीस.

मॉडेलच्या आत शिरलीस की तुझी आणखी एक सवय कामाला येईल. तुम्ही पैशाचे आकडे फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवण्याच्या पद्धतीत) ठेवत नाही, कारण शेवटचे अंक हलतात. हवामानात फ्लोटशिवाय गत्यंतर नाही. तेच मॉडेल शंभर प्रोसेसरवर चालवलं आणि दोनशेवर चालवलं, तर बेरजेचा क्रम बदलतो, आणि शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. तो फरक तिथेच थांबत नाही. 1961 मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपलं संगणकी मॉडेल पुन्हा चालवताना 0.506127 च्या जागी 0.506 टाइप केलं आणि थोड्याच वेळात दोन रनमधलं (दोन वेळा चालवलेल्या मॉडेलमधलं) हवामान एकमेकांपासून पार वेगळं झालं. मग कोडमध्ये बदल केल्यावर उत्तर बदललं, तर तो बग म्हणायचा की नुसता शेवटच्या अंकाचा परिणाम? 'दोन्ही आकडे समान आहेत का' ही तुझी नेहमीची टेस्ट इथे चालत नाही. त्याऐवजी थोड्याथोड्या फरकानं बरेच रन करायचे, त्यांचा पसारा बघायचा, आणि नव्या कोडचं उत्तर त्या पसाऱ्यात बसतं का ते तपासायचं.

याहून सोप्या पण तितक्याच मोलाच्या टेस्टही आहेत. मॉडेल सलग दहा दिवस चालव. मग तेच पाच दिवसांवर थांबवून, फाइलमध्ये साठवून, पुन्हा सुरू करून दहा दिवसांपर्यंत ने. दोन्ही उत्तरं शेवटच्या बिटपर्यंत सारखी आली पाहिजेत. नाही आली तर काहीतरी साठवायचं राहून गेलंय. दुसरी टेस्ट पाण्याची: किती बाष्प झालं, किती पाऊस पडला, हवेत किती उरलं, याचा ताळमेळ लागला पाहिजे. दिवसअखेर तुम्ही बँकेचं खातं जुळवता, अगदी तसं. मॉडेलमध्ये पाणी कुठून तरी उगवत असेल तर पुढच्या सगळ्या नकाशांना अर्थ राहत नाही. अशा टेस्ट लिहिणाऱ्या आणि त्या रोज आपोआप चालतील अशी सोय करणाऱ्या माणसाला कुठल्याही मॉडेलिंग गटात दोन दिवसांत मान मिळतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मानाचा प्रश्न तू विचारलास, त्यावर थोडं जास्त बोलते. लॉरेन्झ यांच्यासाठी 1959 पासून एमआयटीत प्रोग्राम लिहिणारी तरुणी होती मार्गारेट हॅमिल्टन. पुढे अपोलो यानाच्या उड्डाण-सॉफ्टवेअरचं नेतृत्व तिनं केलं. लॉरेन्झ यांच्याकडचं काम तिच्यानंतर एलन फेटर यांनी सांभाळलं. लॉरेन्झ यांचा 1963 चा निबंध, ज्यातून पुढे केऑसचं (छोट्या फरकातून होणाऱ्या मोठ्या उलथापालथीचं) शास्त्र उभं राहिलं, त्याच्या शेवटी फेटर यांचे आभार मानलेले आहेत. शेवटी, आभारात. लेखकांच्या ओळीत त्यांचं नाव नाही. तुझी भीती खोटी नाही, ती या क्षेत्राइतकीच जुनी आहे.

परिस्थिती बदलते आहे. 2012 च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे नाव रूढ व्हायला लागलं आणि आता तिकडे ती स्वतंत्र वाट मानली जाते. आपल्याकडे अजून बढतीचा हिशोब बराचसा निबंधांवरच चालतो. म्हणून कुठेही रुजू होण्याआधी चार गोष्टी तोंडावर विचार: माझ्या कोडवर आधारलेल्या निबंधात माझं नाव लेखकांत असेल का? कोड गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत) आहे का? तो तपासायला दुसरं कुणी आहे का? आणि प्रकल्पाचा निधी कधीपर्यंत आहे? उत्तरं गुळमुळीत आली तर तो गट सोडून दे, संस्था कितीही मोठी असो. एकाच संस्थेत एक गट सोन्यासारखा आणि शेजारचा गट माणसं वापरून टाकणारा, असं असू शकतं. संस्थेपेक्षा गट महत्त्वाचा.

एआयबद्दल. गूगलच्या डीपमाइंडचं ग्राफकास्ट हे एआय मॉडेल 2023 मध्ये आलं, युरोपच्या केंद्रानं आपलं एआय मॉडेल फेब्रुवारी 2025 मध्ये रोजच्या कामात घेतलं. 2025 च्या खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयानं 13 राज्यांतल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना एआयवर आधारलेला मान्सूनचा अंदाज एसएमएसनं पाठवला. हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण ग्राफकास्ट शिकलं कशावर? इरा-5 वर. आणि इरा-5 बनतो भौतिकशास्त्राच्या मॉडेलमध्ये जगभरच्या नोंदी मिसळून. म्हणजे मघाचा तो गुळगुळीत झालेला सह्याद्री एआयनं जसाच्या तसा पाठ केलाय. शिवाय सरासरी चूक कमी ठेवायला शिकवलेलं मॉडेल टोकाचा पाऊस सौम्य करून सांगतं, आणि आपल्याकडे जीव जातात ते टोकाच्या पावसात. जुलै 2021 सारखा दिवस हे मॉडेल कसं सांगतं, हे तपासणारं कुणीतरी इथलं हवं. ते तपासायला कोयनेच्या पाणलोटात नवजाला किती पडतो आणि खाली कराडला किती, हे माहीत असणारं माणूस हवं.

राहिला फोर्ट्रान. 1957 ची भाषा आहे, पण डब्ल्यूआरएफसारख्या मॉडेलचा गाभा आजही तीच आहे. वाचायला शिकायला तुला फार वेळ लागणार नाही. ॲरेची (आकड्यांच्या तक्त्याची) मोजणी एकपासून, आणि मेमरीत आधी स्तंभ मग ओळ. लूप उलटा लावलास तर प्रोग्राम बरोबर उत्तर देईल पण रखडेल. एवढं लक्षात ठेवून सुरुवात कर. लिहिण्याचं बरंचसं काम पायथनमध्येच होईल.

डिग्रीचं म्हणशील तर मी एकच कसोटी लावते. स्वतःचे प्रश्न विचारायचे असतील, 'घाटमाथ्यावर पाऊस रात्री का वाढतो' अशा गोष्टीवर पाच वर्षं घालवायची तयारी असेल, तर पीएचडी कर. पुण्यात विद्यापीठाचा वातावरण आणि अवकाश विज्ञान विभाग आहे, बंगळुरूला आयआयएससी, दिल्लीला आयआयटी आहे. गेट या प्रवेश परीक्षेच्या इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात वातावरण आणि महासागर विज्ञानाचा भागही आहे. इतरांच्या प्रश्नांना भक्कम यंत्रणा बांधून द्यायला आवडत असेल, तर डिग्रीवाचून चालेल, विज्ञानावाचून मात्र नाही. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर वातावरणशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. दमट हवा वर गेली की काय होतं, दाबाच्या फरकानं वारा कसा वळतो, मान्सून का येतो: एवढं तरी पक्कं कर. तुझं पत्र वाचून मला वाटतं तू दुसऱ्या गटातली आहेस, पण ते वर्षभर काम केल्यावर तुझं तुलाच कळेल.

कामाच्या जागा कुठे? आयआयटीएम, नोएडाचं एनसीएमआरडब्ल्यूएफ (हवामान अंदाजाचं केंद्र), हैदराबादचं इनकॉइस (समुद्राच्या माहितीचं केंद्र) आणि पुण्यातलं सीडॅक (संगणक संशोधन केंद्र) या ठिकाणी प्रकल्पांच्या जाहिराती निघत असतात. केंद्र सरकारच्या 'मिशन मौसम' या हवामान योजनेला सप्टेंबर 2024 मध्ये दोन वर्षांसाठी 2,000 कोटी मंजूर झाल्यापासून रडार, मॉडेल, डेटा या सगळ्यावर काम वाढलंय. आणि आपल्या दारातल्या दोन गोष्टी पुण्यात बसून दिसत नाहीत. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवरच्या पवनचक्क्या तू बघितल्या असशीलच. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2018 च्या नियमांनी पवन आणि सौर प्रकल्पांना दिवसाच्या 96 तुकड्यांचा, म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचा, अंदाज आदल्या दिवशी देणं भाग आहे; अंदाज फार चुकला तर पैसे भरावे लागतात. वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या कंपन्यांना नेमकी तुझ्यासारखी माणसं लागतात, आणि तिथला पगार संशोधन संस्थेपेक्षा तुझ्या आताच्या पगाराच्या जास्त जवळ जातो. दुसरं म्हणजे फळपीक विमा. महावेध या राज्याच्या प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांमध्ये उभी आहेत, आणि द्राक्षाच्या विम्याचे पैसे मिळणार की नाही हे अशा केंद्राच्या नोंदीवर ठरतं. एखादा सेन्सर दोन दिवस शून्य दाखवत राहिला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर एका मंडळातल्या सगळ्या बागाईतदारांचा हक्क बुडतो. अशी बंद पडलेली नोंद शेजारच्या केंद्रांवरून ओळखणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे, आणि फार महत्त्वाचं काम आहे.

आईचं म्हणणं उडवून लावू नकोस. प्रकल्पाची पदं कंत्राटी असतात, वर्षावर्षाला वाढवली जातात, आणि निधी संपला की पद संपतं. हातात येणारा पैसा आतापेक्षा बराच कमी असेल. घराचं कर्ज असेल तर ते आटोक्यात येईपर्यंत थांब, वर्षभराचा खर्च बाजूला टाक, आरोग्य विमा स्वतःच्या नावानं काढ. हे आकडे कागदावर मांडून आईसमोर ठेव. नुसत्या आवडीवर तिला निर्णय पटणार नाही आणि पटू नये. वयाची काळजी मात्र थोडी करावी लागेल. प्रोजेक्ट सायंटिस्टच्या पहिल्या पायरीला वयोमर्यादा साधारण 35 असते, तेव्हा दीड-दोन वर्षं तयारीला आहेत, पाच नाहीत.

तेवढ्या काळात तासगावची पडताळणी पुरी कर, 2021 च्या त्या आठवड्याचा इरा-5 आणि हवामान विभागाच्या नोंदींचा मेळ घालून कोड सगळ्यांना दिसेल असा ठेव, आणि डब्ल्यूआरएफ स्वतःच्या लॅपटॉपवर सांगली-साताऱ्याच्या छोट्या चौकटीवर एकदा तरी चालवून बघ. सुरुवातीची स्थिती अमेरिकेच्या जीएफएस या जागतिक मॉडेलमधून फुकट घेता येते. एक्सअरे किंवा मेटपायसारख्या पायथनच्या खुल्या प्रकल्पांत एखादा छोटा बग दुरुस्त करून पाठव. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या हवामान संस्था लोकांसाठी खुल्या असतात, तेव्हा जा आणि काम करणाऱ्यांशी बोल. भाषण ऐकून परत येऊ नकोस, ज्यांच्या टेबलावर कोड उघडा आहे त्यांना गाठ.

अर्जाचं शेवटचं. सात वर्षांचा अनुभव 'संबंधित' धरायचा की नाही, हे समितीच्या हातात असतं. कंपन्यांच्या अनुभवपत्रात नुसतं पद आणि तारखा असतात, त्यावरून समितीला काहीच कळत नाही. म्हणून राजीनामा देण्याच्या बऱ्याच आधी एचआरकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र मागून ठेव: मोठ्या प्रमाणावरचा डेटा, समांतर प्रक्रिया, टेस्टिंग, लिनक्स, जे खरोखर केलंय ते. जाहिरात निघाली की मुदत थोड्याच आठवड्यांची असते, आणि हे पत्र त्या घाईत मिळत नाही.